पडद्याशेजारचा आवाज

१८९५ साली लुई ल्युमिएर यांनी भावाच्या घराबाहेर कॅमेरा लावला. समोर मांडलेल्या टेबलाशी भाऊ ऑग्युस्त, वहिनी आणि मधे त्यांची छोटी मुलगी आंद्रे. वडील मुलीला चमच्याने भरवतात, आई कप हातात घेऊन बसली आहे. एवढंच. मिनिटभरही न चालणारं हे दृश्य त्याच वर्षी २८ डिसेंबरला पॅरिसच्या ग्रां काफेतल्या त्या प्रसिद्ध तिकीट लावलेल्या खेळात दाखवलं गेलं. म्हणजे सिनेमाचा जन्म झाला त्या संध्याकाळी पडद्यावर एक घरगुती फिल्मही होती. त्या काळच्या प्रेक्षकांना बाळापेक्षा मागच्या झाडाची हलणारी पानंच जास्त भावली, असं सांगितलं जातं. रंगमंचावरच्या रंगवलेल्या पडद्यांची सवय झालेल्या डोळ्यांना ती पानं नवी होती. त्यांना हलायला कोणी सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यामागच्या माणसाचं तिकडे लक्षही नसावं.

घरगुती फिल्मचं सगळं मर्म मला या पानांत दिसतं. कॅमेरा सुरू होतो बाळासाठी, बारशासाठी, नव्या गाडीसाठी. पन्नास-साठ वर्षांनी मोल येतं ते कडेला नकळत टिपल्या गेलेल्या गोष्टींना. पण त्या गोष्टी स्वतःहून काही सांगत नाहीत, कारण या फिल्म्स जवळजवळ सगळ्या मुक्या आहेत. त्यांना बोलतं करणारा माणूस प्रोजेक्टरच्या बाजूला उभा असायचा. हे प्रकरण त्या यंत्राबद्दल आहे, आणि त्या माणसाबद्दलही.

सिनेमा घरात यायला वेळ लागला त्याचं मोठं कारण आग. सुरुवातीची ३५ मिलिमीटरची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ पेटला की स्वतःच ऑक्सिजन पुरवतो आणि पाण्याखालीही जळत राहतो. त्यात प्रोजेक्टरचे दिवेही धोक्याचे. ४ मे १८९७ ला पॅरिसमधल्या ‘बाझार द ला शारिते’ या धर्मादाय जत्रेत प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या इथरमुळे आग लागली आणि १२६ माणसं गेली. अशी वस्तू दिवाणखान्यात कोण आणणार? १८९८-९९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ३५ मिलिमीटरची फिल्म उभी चिरून हौशी लोकांसाठी लहान यंत्रं निघाली होती, पण फिल्म तीच, ज्वालाग्राही.

फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९१२ साली ‘कॉक’ नावाचा घरगुती प्रोजेक्टर आणला तो २८ मिलिमीटर रुंदीच्या, सहजी पेट न घेणाऱ्या अ‍ॅसिटेटच्या फिल्मसाठी. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. तेव्हा असंख्य घरांत वीज नव्हती, म्हणून यंत्रातच डायनॅमो बसवला होता. हँडल फिरवलं की फिल्मही सरके आणि दिवाही पेटे. फिरवणाऱ्याचा हात मंदावला की पडदाही अंधारे.

पुढे १९२२ च्या डिसेंबरात याच कंपनीने नाताळच्या बाजारात ‘पाथे-बेबी’ उतरवला. त्याची फिल्म होती साडेनऊ मिलिमीटरची. भोकं कडेला न पाडता दोन फ्रेम्सच्या मधोमध एकच भोक पाडलेलं, त्यामुळे पट्टीची जवळजवळ सगळी रुंदी चित्राला मिळे. फिल्म महाग, तेव्हा मूकपटातली वाचायच्या मजकुराची पाटी पाच-सहा सेकंद दाखवायची तर शंभराच्या आसपास फ्रेम्स त्यातच खर्च व्हायच्या. पाथेच्या माणसांनी पाटीच्या एक-दोनच फ्रेम्स छापल्या आणि तिथे फिल्मच्या कडेला खाच पाडली. खाच यंत्रात आली की हँडल फिरत राही, फिल्म मात्र काही क्षण जागीच थांबे. दिवा इतका मंद की थांबलेली फिल्म करपत नसे. सुरुवातीला हे यंत्र घरी बसून चार्ली चॅप्लिन वगैरे पाहण्यासाठी होतं. पुढच्याच वर्षी त्याला जोड म्हणून छोटा कॅमेरा आला आणि लोकांनी आपलीच माणसं टिपायला सुरुवात केली.

१९२३ हेच कोडॅकच्या १६ मिलिमीटरचंही साल. सोळाचा आकडा मुद्दाम निवडला असं मानतात. ३५ मिलिमीटरची नायट्रेट फिल्म मधोमध चिरली तर साडेसतराची पट्टी मिळते, ती या यंत्रात बसूच नये, म्हणजे घरात आगीची फिल्म शिरणार नाही. कॅमेरा, तिकाटणं, प्रोजेक्टर, पडदा असा सगळा संच ३३५ डॉलरला होता. त्या काळी ही श्रीमंतांचीच चैन. पण खर्चाचं गणित ज्याने बदललं तो शोध कोडॅकच्या जॉन कॅपस्टाफ यांच्या रसायनांतला होता. त्याआधी निगेटिव्ह एक आणि तिच्यावरून छापलेली पॉझिटिव्ह दुसरी, अशी दुप्पट फिल्म लागे. कॅपस्टाफ यांच्या ‘रिव्हर्सल’ पद्धतीत कॅमेऱ्यातून निघालेली पट्टीच धुऊन पॉझिटिव्ह होई आणि थेट प्रोजेक्टरवर चढे.

याचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. घरगुती फिल्मची बहुतेक वेळा दुसरी प्रत नसते. बाजारात आलेल्या चित्रपटाच्या अनेक प्रती निघायच्या, तरी १९३१ चा आपला ‘आलम आरा’ आज उपलब्ध नाही. इथे तर एकच पट्टी. त्या दिवशी त्या अंगणात, त्या कॅमेऱ्यातून जी सरकली, तीच. तिच्यावरचा ओरखडा कायमचा, आणि ती गेली की सगळंच गेलं.

मंदीच्या ऐन काळात, १९३२ साली, कोडॅकने आणखी काटकसर केली. १६ मिलिमीटर रुंदीच्याच पट्टीवर भोकं दुप्पट पाडली. २५ फुटांचं रीळ कॅमेऱ्यात घालायचं, अर्ध्या रुंदीवर चित्रण करायचं, मग सावलीत जाऊन रीळ उलटं घालायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर पुन्हा चित्रण. प्रयोगशाळेत पट्टी उभी चिरून दोन तुकडे टोकाला टोक जोडले की ५० फूट फिल्म तयार. ही आठ मिलिमीटर. सेकंदाला १६ फ्रेम्सच्या वेगाने ती चार मिनिटं चाले. कॅमेरा ३० डॉलरच्या आत मिळू लागला. रीळ उलटं घालायला विसरलं की एकाच पट्टीवर दोनदा चित्रण होई. जुन्या रिळांत समुद्रकिनाऱ्यावरच्या मुलांमधून मधेच कोणाची तरी वरात चालताना दिसते ती यामुळे. १९६५ साली ‘सुपर एट’ आली तेव्हा हा व्यापच संपला. प्लॅस्टिकचं काडतूस कॅमेऱ्यात खटकन बसवायचं आणि बटण दाबायचं. भोकं लहान केल्यामुळे चित्राचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट झालं. एक काडतूस चाले ३ मिनिटं २० सेकंद. या मर्यादेमुळे लोक जपून बटण दाबत, आठ-दहा सेकंदांचे तुकडे घेत, आणि एका काडतुसात पुष्कळदा अख्खं वर्ष मावे.

आता यंत्राकडे येऊ.

प्रोजेक्टरला दोन विरोधी कामं एकत्र करायची असतात. रीळ अखंड फिरत राहायला हवं, आणि भिंगासमोर मात्र प्रत्येक फ्रेम क्षणभर पूर्ण स्थिर उभी राहायला हवी. फिल्म नुसतीच सरकत गेली तर पडद्यावर धुरकट पट्ट्यांशिवाय काही दिसणार नाही. म्हणून एक आकडी भोकात अडकते, पट्टी बरोबर एक फ्रेम खाली ओढते, बाहेर निघते, वर जाते, पुन्हा अडकते. शिवणयंत्र कापड असंच थांबत-थांबत पुढे नेतं, आणि लुई ल्युमिएर यांना आपल्या यंत्रासाठी ही युक्ती शिवणयंत्रावरूनच सुचली होती. घरात प्रोजेक्टर चालू असताना जी अखंड खर्रर्र ऐकू येते ती या आकडीची. अखंड फिरणारं रीळ आणि थांबत चालणारी आकडी यांच्यात पट्टी ताणून तुटू नये म्हणून गेटच्या, म्हणजे भिंगासमोर फिल्म धरणाऱ्या चौकटीच्या, वर आणि खाली फिल्मचा एकेक सैल फेरा ठेवलेला असतो. हा फेरा निसटला की चित्र पडद्यावर उड्या मारू लागतं. ज्यांनी घरी प्रोजेक्टर चालवला आहे त्यांना हा फेरा किती जिवाचा असतो ते ठाऊक आहे.

आणि भोकं! सगळं यंत्र त्या इवल्याशा भोकांवर चालतं. दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढायला घेतला तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची येत असे. सरस्वतीबाई फाळके रात्री अंधाऱ्या खोलीत बसून ती भोकं पाडत. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या या कामाला फार मोठं स्थान द्यायला हवं.

फिल्म सरकत असताना उजेड अडवायचं काम शटरचं. भिंगाच्या वाटेत फिरणारी ही पात्यांची चकती. सेकंदाला १६ वेळा उजेड-अंधार झाला तर डोळ्यांना तो लुकलुकाट सहन होत नाही. म्हणून तीन पाती बसवतात. एक पातं फिल्म सरकण्याच्या वेळी आड येतं, बाकीची दोन फ्रेम स्थिर असतानाच उगीच आड येऊन जातात. तेच चित्र तीनदा लखलखतं, सेकंदाला ४८ वेळा, आणि डोळा म्हणतो उजेड सलग आहे. सोळा फ्रेम्सचा सिनेमा गुळगुळीत दिसतो त्यात या दोन ‘बिनकामाच्या’ पात्यांचा मोठा वाटा आहे.

दिवाही साधा नव्हे. १९४०-५० च्या दशकांतल्या अनेक यंत्रांत ५०० किंवा ७५० वॅटचा बल्ब आणि तो थंड ठेवायला आत पंखा. फिल्म गेटमध्ये अडकली की दिव्याची उष्णता एकाच फ्रेमवर एकवटे. पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर तपकिरी बुडबुडा उमटून पसरत जाई, आणि खोलीत एकच आरडाओरडा. ऑस्ट्रियाच्या ऑयमिग कंपनीने कमी व्होल्टेजचे छोटे दिवे वापरून यंत्रं आटोपशीर केली. स्वित्झर्लंडच्या बोलेक्सने ‘१८-५’ नावाचा प्रोजेक्टर काढला. सेकंदाला १८ फ्रेम्स ही नेहमीची चाल, आणि खटका फिरवला की ५ फ्रेम्सची संथ चाल. जपानच्या एल्मोची यंत्रं तर आजही दुरुस्त करणारे शोधतात. पुष्कळ यंत्रांत फिल्म उलटी चालवायची सोय असे. पाण्यात उडी मारलेला काका पाण्यातून कोरडा उडून काठावर उभा राही. मुलांसाठी खेळाचा सगळ्यात आवडता भाग तोच.

या सगळ्याचा आवाका केवढा, ते एका हिशेबाने कळतं. आठ मिलिमीटर फिल्मची पडद्यावर पडणारी फ्रेम साधारण साडेचार मिलिमीटर रुंद. पडदा एक मीटर पस्तीस सेंटिमीटरचा असेल तर चित्र ३०० पट मोठं होतं. गेटमध्ये एक दशांश मिलिमीटरचा धुळीचा कण बसला तर पडद्यावर तो तीन सेंटिमीटरचा. जुन्या फिल्म्समध्ये चित्राच्या कडेला जाड दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत असतं तो डोक्याचा केस किंवा कापडाचा धागा. आणि नखापेक्षा लहान जागेत जे चेहरे आपण ओळखतो, त्यांत रसायनांच्या मोजक्याच कणांनी डोळे, नाक, हसू मांडलेलं असतं.

आता खोलीत अंधार करा. पडदा नसेल तर चादर टांगा. फिल्म मुकी आहे, आणि पहिला चेहरा दिसताक्षणी कोणीतरी बोलू लागतं. “ही बघ, माईआत्या. लग्नाआधीची.” “अरे, तो मागे उभा आहे तो वसंता नव्हे?” “नव्हे रे, वसंता तेव्हा बडोद्याला होता.” बहुधा घरातलं एकच माणूस हे निवेदन करतं, दर वेळी तेच करतं, आणि त्याच जागी तीच गोष्ट सांगतं. मुलांना ती पाठ होते. घरगुती फिल्मचा ध्वनिपट तो हाच. तो पट्टीवर कधीच नोंदला गेला नाही.

पडद्याशेजारी उभं राहून बोलणाऱ्या माणसाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १८९० च्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि पुढे त्यांचे मुलगे ‘शांबरिक खरोलिका’ दाखवत गावोगाव फिरले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर पाडायची, पुढे-मागे करून त्यांना हालचाल द्यायची, आणि बाजूने निवेदन चालू ठेवायचं. सिनेमा यायच्या आधी मराठी माणसाने अंधारात बसून पडदा पाहिला तो असा, कोणाच्या तरी आवाजासह. पुढच्या पिढ्यांतल्या कित्येक पोरांनी तोच खेळ घरी मांडला. थिएटरच्या मागे सापडलेले फिल्मचे तुकडे, आतली तार काढून पाण्याने भरलेला बल्ब हे भिंग, आणि आरशाने खिडकीतून आत सोडलेला उन्हाचा झोत. समोरच्या भिंतीवर नटाचा चेहरा उमटला की संवाद म्हणायचं काम पोरांचंच.

खरे कॅमेरे मात्र आपल्याकडे थोड्याच घरांत होते. संस्थानिक, व्यापारी, मोठे डॉक्टर, परदेशी जाऊन आलेले. साधनं आणि फिल्म बाहेरून यायची, किंमत परवडणारी नसे. मराठी घरांतल्या रिळांचा मोठा वाटा समुद्रापलीकडचा असणार, याला एक योगायोग कारण आहे. सुपर एट बाजारात आली ते १९६५ साल, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर तिकडे गेले, त्यांच्या हाती हाच कॅमेरा आला. पहिला बर्फ, पहिली गाडी, नायगारा, तळघरात बसवलेला गणपती. मला जास्त मोलाची वाटतात ती भारतभेटीतली रिळं. कॅमेरा आहे ओवाळणाऱ्या आजीवर, पण मागे वाड्याचा चौक आहे, हौद आहे, बंब आहे, गॅलरीतून वाकून बघणारी बिऱ्हाडं आहेत. पुण्या-मुंबईतल्या अशा कित्येक वास्तू आज नाहीत. त्यांचे फोटो असतीलही, पण वाड्यातलं माणूस जिना कसा उतरत असे, धुणं कसं पिळत असे, हे फोटोत नसतं.

या रिळांचे रंग अजून ताजे असतील तर ती बहुधा कोडाक्रोम असतात. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघं संगीतकार. त्यांनी कोडॅकसाठी ही फिल्म घडवली. १९३५ मध्ये ती १६ मिलिमीटरमध्ये आली, पुढच्या वर्षी आठमध्ये. तिच्यात रंगद्रव्य आधीपासून नसे. फिल्म मुळात कृष्णधवल थरांची, रंग धुलाईच्या वेळी बाहेरून भरले जात. त्यामुळे धुलाई अतिशय किचकट, घरी करणं अशक्य, पण अंधारात ठेवलेले तिचे रंग पिढ्यानपिढ्या टिकतात. शेजारच्या डब्यातली दुसऱ्या जातीची फिल्म गुलाबी-लाल होऊन गेलेली असते, आणि हिच्यातला पिवळा शालू पिवळाच असतो. कोडाक्रोम धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स या गावी होती. तिने ३० डिसेंबर २०१० पर्यंत आलेली रिळं घेतली आणि मग ते रसायनच संपलं.

कडेला नकळत आलेल्या गोष्टींकडे परत येतो. २२ जुलै १९४१. अ‍ॅम्स्टरडॅमच्या मेरवेडेप्लाइन चौकात एका घरातून नवरी बाहेर पडते आहे आणि कोणीतरी तिची फिल्म घेतं आहे. कॅमेरा क्षणभर वर जातो. वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक बारा वर्षांची मुलगी वाकून वरात बघते, मागे वळून घरातल्या कोणाशी तरी बोलते. अ‍ॅन फ्रँकची ही एकमेव ज्ञात चलत्‌चित्रं. काही सेकंदच. ती शेजारच्या लग्नाच्या फिल्ममध्ये आहेत.

कधी हौशी कॅमेऱ्यासमोर इतिहास थेटच येऊन उभा राहिला. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये कपड्यांचे व्यावसायिक अब्राहम झप्रुडर राष्ट्राध्यक्ष केनेडींची मोटार बघायला आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन उभे होते. केनेडींची हत्या त्या पट्टीवर टिपली गेली. ४८६ फ्रेम्स, जेमतेम २६ सेकंद. १९९९ मध्ये लवादाने त्या पट्टीचे १ कोटी ६० लाख डॉलर ठरवले. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते डेव्ह तात्सुनो यांचं काम. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं तेव्हा त्यांना कॅमेरा बाळगायला बंदी होती. तात्सुनो यांनी यूटा राज्यातल्या टोपाझ छावणीत चोरून कॅमेरा आणवला आणि बर्फातली मुलं, चर्चला निघालेली माणसं, धुळीतल्या बराकी रंगीत टिपल्या. ही फिल्म १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म नोंदवहीत गेली.

आणि आता ती तीन मिनिटं, ज्यांच्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं. १९३८ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कचे डेव्हिड कुर्त्झ पत्नी आणि स्नेह्यांसोबत युरोपच्या सफरीवर गेले. सोबत १६ मिलिमीटरचा कॅमेरा. पोलंडमधलं नाशेल्स्क हे त्यांचं जन्मगाव. ४ ऑगस्टला तिथे जाऊन त्यांनी साधारण तीन मिनिटं चित्रण केलं, काही कृष्णधवल, काही कोडाक्रोमवर. कॅमेरा बघून मुलं धावत येतात, एकमेकांना ढकलत चौकटीत शिरतात, मोठी माणसं दारात उभी राहून हसतात. बाजार, सिनेगॉगच्या पायऱ्या, डोक्यावरच्या टोप्या. पर्यटकाची अगदी साधी फिल्म. वर्षभराने युद्ध सुरू झालं. १९३९ च्या डिसेंबरात नाझींनी गावातल्या सगळ्या ज्यूंना हाकलून नेलं. सुमारे ३,००० पैकी युद्धाअखेर शंभरही जिवंत नव्हते.

२००९ साली डेव्हिड यांचे नातू ग्लेन कुर्त्झ यांना हे रीळ फ्लॉरिडात आईवडिलांच्या घरी कपाटात सापडलं. ते आक्रसून, वेटोळं होऊन एकसंध वडीसारखं चिकटलं होतं. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाने ते वाचवलं. पण वाचवल्यावर काय उरलं? दीडशेच्या वर चेहरे, आणि एकाचंही नाव नाही. खोलीत उभं राहून “ही माईआत्या” म्हणणारं कोणी नाही. कुर्त्झ पुढची काही वर्षं ती नावं शोधत राहिले. संग्रहालयाने फिल्म सर्वांसाठी खुली केली, आणि अमेरिकेतल्या एका स्त्रीने त्यातल्या तेरा वर्षांच्या मुलाचा चेहरा ओळखला. ते तिचे आजोबा होते, जिवंत. त्यांनी फिल्म पाहिली आणि इतक्या वर्षांनंतरही स्मरणातून काही मित्रांची नावं सांगितली, कोण कुठल्या घरचा, कोणाची टोपी कसली. दुकानाच्या धूसर पाटीवरची अक्षरं एकेक करून लावली गेली. कुर्त्झ यांनी या शोधावर २०१४ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि बियांका स्टिख्टर यांनी २०२१ मध्ये त्याच तीन मिनिटांवर तासाभराहून मोठा माहितीपट केला. इतकं करूनही त्या दीडशेतल्या मोजक्याच चेहऱ्यांना नाव मिळालं.

आपल्या देशाची अशी रिळं परक्या हातांतही आहेत. ब्रिटिश अधिकारी, मळेवाले, मिशनरी आणि त्यांची कुटुंबं यांनी भारतात घेतलेल्या हौशी फिल्म्सचा मोठा संग्रह केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात आहे. अशा फिल्म्समध्ये साहेबाचं बाळ मधोमध असतं आणि त्याला धरणारी आया चौकटीच्या काठावर. बाळाचं नाव नोंदवहीत सापडतं, आयेचं सापडत नाही. हे पाहताना राग येतो, आणि तरीही ती आया तिथे आहे, चालते, वाकते, कॅमेऱ्याकडे एकदा बघते, याचं मोल कमी होत नाही.

डबा उघडल्यावर आंबट वास आला तर तो व्हिनेगरचाच आहे. अ‍ॅसिटेटची फिल्म ओलाव्याने विघटित होऊ लागली की त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, आणि ते आम्लच पुढचं विघटन वेगाने घडवतं. पट्टी आक्रसते, वाकते, ठिसूळ होते. अमेरिकेत रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या अभ्यासानुसार २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या फिल्मला हा रोग लागायला सुमारे ४० वर्षं लागतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत याच्या निम्मीही मुदत धरू नये. शिवाय फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं आणि जिलेटिन हे बुरशीचं अन्न आहे.

म्हणून माळ्यावर रिळं सापडली तर आधी प्रोजेक्टरवर चढवू नका. आक्रसलेल्या पट्टीची भोकं आकडीच्या मापाची राहिलेली नसतात. एक टक्का आक्रसली तरी ती फाटू लागते. जुन्या यंत्राचे रबरी पट्टे चिकट होऊन गळालेले असतात, आणि अमेरिकेहून आलेलं यंत्र ११० व्होल्टचं असेल तर आपल्या प्लगमध्ये घालताच दिवा उडेल. पट्टीचं टोक उजेडाकडे धरून फक्त भोकं बघा. मोठी भोकं दोन फ्रेम्सच्या सांध्यावर असतील तर जुनी आठ मिलिमीटर, बारीक भोकं फ्रेमच्या मध्याशी असतील तर सुपर एट. कोडॅकच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा सापडतील. त्या फिल्म तयार झाल्याचं वर्ष सांगतात, दर वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात. पाण्याने पुसू नका. वास येणारी रिळं चांगल्या रिळांपासून वेगळी ठेवा, गंजके डबे बदला, माळ्यावरून काढून घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या जागी आणा. भोकांवर न ओढता, थंड उजेडात एकेक फ्रेम टिपणाऱ्या स्कॅनरवरच त्यांची डिजिटल प्रत करून घ्या. आणि प्रत झाली म्हणून मूळ पट्टी टाकू नका. कोडाक्रोमची पट्टी नीट ठेवली तर आजच्या हार्ड डिस्कपेक्षा जास्त जगेल.

मग घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला ती प्रत दाखवा आणि शेजारी मोबाइलवर आवाज नोंदवत ठेवा. पहिल्या वेळी मधे बोलू नका, त्यांना त्यांच्या ओघात सांगू द्या. दुसऱ्या वेळी एकेक फ्रेम थांबवून विचारा. हे कोण, मागे कोणाचं घर, हातात काय आहे, ती बाई कामाला होती का आणि तिचं नाव काय. एक प्रश्न हमखास राहून जातो, तो आठवणीने विचारा. कॅमेरा कोणाच्या हातात होता? ते माणूस सबंध रिळात कुठेच दिसणार नाही, आणि त्याचं नाव पुढे दुसरं कोणीही सांगू शकणार नाही.